इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधे टेबल करताय? मग या चुका टाळा

सप्टेंबर आला की माझ्याकडे पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांची रांग लागते, ३० तारखेच्या आत सभा घ्यायची असते ना, आणि दरवर्षी नव्या पोरांनी केलेली तीच ती टेबलं मी निस्तरत बसतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे रो हाइटला, म्हणजे ओळीच्या उंचीला, 'एक्झॅक्टली' (ठरलेली, न वाढणारी उंची) लावणं. ओळी एकसारख्या दिसाव्यात म्हणून लावतात, पण नाव लांब असलं की दुसरी ओळ सेलमधे मावत नाही, ती गायब होते आणि उरतो फक्त एक बारका लाल ठिपका. मजकुराची चौकट, म्हणजे फ्रेम, भरून मजकूर उरला तर लाल प्लस तरी दिसतो, हा ठिपका कोण बघतंय! त्यात डब्ल्यू दाबून प्रिव्ह्यूमधे (पान छापल्यासारखं दिसतं तिथे) काम करत असाल तर तोही दिसत नाही. हा मार मी स्वतः खाल्लाय. प्रुफं दोनदा वाचून झालेली, शेवटच्या रात्री मी कॉलम फक्त ४ मिलिमीटरने बारीक केला आणि एका संचालकांचं आडनावच उडालं. अहवाल छापून, पिना मारून गठ्ठे पोचले तेव्हा फोन आला. मग आडनावाच्या पट्ट्या कापून एकेका प्रतीवर चिकटवत बसलो, बायकोसुद्धा मदतीला. तेव्हापासून 'अ‍ॅट लीस्ट' (किमान एवढी, मजकुराप्रमाणे वाढणारी उंची) सोडून काही लावत नाही आणि खाली प्रीफ्लाइटचा, म्हणजे चुका तपासणाऱ्या सोयीचा, हिरवा दिवा बघितल्याशिवाय पीडीएफ काढत नाही.

दुसरं, स्पेसबार मारून रुपयांचे आकडे सरळ करणं. फॉन्ट बदलला की सगळं वाकडं. मी सरळ सगळ्या आकड्यांना .०० लावतो, राइट अलाइन करतो आणि उजवीकडे २ मिलिमीटर इनसेट (सेलच्या आत मोकळी जागा) देतो.

मथळ्याची ओळ पानापानावर कॉपी-पेस्ट करू नका, टेबल मेनूतून ती ओळ हेडर करून टाका, पुढच्या पानांवर आपोआप येते.

चारी बाजूंनी १ पॉइंटच्या काळ्या रेघा? टेबल आहे की तुरुंगाची खिडकी! आडव्या पाव पॉइंटच्या रेघा पुरतात.

जोडाक्षरं तुटत असतील तर कंपोझर (मजकुराच्या ओळी जुळवणारी सेटिंग) वर्ल्ड-रेडी, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट मांडणारा, आहे का ते बघा.

आणि एकाआड एक ओळींना रंग द्यायला ऑल्टरनेटिंग फिल्स आहे. हे एका पोराला सांगितलं तर म्हणाला, सर आत्ता घाई आहे, हातानेच देतो. दिला दुपारभर बसून. संध्याकाळी संस्थेने तिसऱ्या ओळीनंतर एक ओळ वाढवून पाठवली.