साट्याची करंजी, पदर सुटणारी

२ वाट्या बारीक रवा, १ वाटी मैदा, त्यात ४ चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं दूध घालून घट्ट भिजवायचं आणि झाकून २-३ तास विसरून जायचं. मग खलबत्त्यात चांगलं कुटा, मी आळस करून मिक्सरला फिरवते, चालतं.

साटा म्हणजे घट्ट तूप हाताने पांढरं होईपर्यंत फेटून त्यात कॉर्नफ्लोअर, तांदळाची पिठी पण चालते. ३ पातळ पोळ्या, प्रत्येकीला साटा लावून एकावर एक, घट्ट गुंडाळी, इंचभर तुकडे, कापलेली बाजू वर ठेवून हलक्या हाताने लाटा. जोर दिला की पदर गेले!

सारण जास्त भरू नका प्लीज, गेल्या दिवाळीला मी हावरटपणा केला, तिसरी करंजी कढईत फुटली आणि साखर जळून सगळं तूप काळं. कडेला दूध लावून दाबा, कातण्याने कापा, ओल्या फडक्याखाली ठेवा. मंद आचेवरच तळा, वरून झाऱ्याने तूप उडवत राहिलं की पदर फुलतात.

सारण आमच्याकडे भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, पिठीसाखर, वेलची. कोकणात ओल्या नारळाचं पण करतात, मस्त लागतं पण दुसऱ्याच दिवशी मऊ. गोव्यात हीच नेवरी, चवथीला म्हणजे गणेश चतुर्थीला हवीच, तिकडे चणाडाळ-गूळ पण भरतात. काही भागांत कानोले म्हणतात.