पट्टी हातात पडली म्हणजे पैसा आपला झाला का?

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर (दलालाच्या दुकानात) मी 31 वर्षं मुनीम होतो. दिवाळीच्या आधी सोयाबीनचे कट्टे उतरायला लागले की दिवसाला ऐंशी-नव्वद पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, माझ्या हातून जायच्या. शेतकरी पट्टीवरचा आकडा बघतो, ओठ हलवत मनातल्या मनात पुन्हा मोजतो, नोटा बंडीच्या आतल्या खिशात घालतो आणि वरून एकदा चाचपतो. त्याला वाटतं, पैसा आला. मला मात्र खतावणीत दिसत असायचं, की यातला निम्मासुद्धा त्याचा नाही.

पैशाबद्दल आमच्याकडं जे गैरसमज आहेत त्यांचं मूळ या चाचपण्यात आहे. ते घालवायचे कसे, ते सांगतो. सामान थोडंच लागतं. एक 200 पानी वही, दोऱ्यानं बांधून ठेवलेला पेन (नाहीतर पोरं पळवतात), आणि घरच्या बाईला शेजारी बसवायची तयारी. तिसरंच अवघड आहे.

वहीच्या पानाला तीन रकाने पाडा. 'आले', 'गेले' आणि तिसरा 'कुणाचे'. पहिले दोन सगळेच लिहितात. खरं काम तिसऱ्याचं आहे.

हिशेबच करून दाखवतो. समजा 22 क्विंटल सोयाबीन मोंढ्यात आणलं, भाव लागला 4,300. झाले 94,600. हमाली-तोलाई कापून हातात 93,800. आता तिसरा रकाना भरा. पेरणीला आडतीवरून घेतलेली उचल 25,000, कृषी केंद्राची खत-औषधाची उधारी 19,400, गुत्त्यानं (ठेक्यानं) दिलेली काढणी आणि मळणीयंत्राचं भाडं मिळून 17,000. एकूण 61,400. उरले 32,400. त्यातून हरभऱ्याचं बियाणं यायचंय आणि मार्चअखेर बँकेचं पीक कर्ज उभंच आहे. म्हणजे मोंढ्याच्या फाटकातून बाहेर पडताना खिशात 93,800 असले तरी माणूस 32,400 चाही मालक नाही. पण मोटारसायकलच्या शोरूमपुढं थांबतो तो 93,800 वालाच. म्हणून पैसा आला त्याच संध्याकाळी, जेवायच्या आधी, तिसरा रकाना भरा. रात्री निजल्यावर पैसा आपला वाटायला लागतो.

याच रकान्यात एक नोंद कुणीच करत नाही. माझ्याकडूनही कितीतरी वर्षं राहिली. आमच्या मंडळीनं खुरपणीचे 14 दिवस आणि बनीम (काढलेल्या पिकाचा ढीग) झाकायचे दोन दिवस रानात काढले. बाहेरची बाई लावली असती तर रोजाचे 300 प्रमाणे 4,800 मोजावे लागले असते. घरची बाई म्हणून शून्य. मग वर्षअखेरीला आपण म्हणतो, यंदा शेतीत चार पैसे सुटले. सुटले कुठले, तिच्या मजुरीचेच ते! ही रक्कम तिच्या नावानं लिहा. द्यायची ऐपत नसली तरी लिहा.

आता व्याज. इथं मला जरा थांबायचंय, कारण घरं इथं बुडतात. आपल्याकडं व्याज 'शेकडा तीन' असं सांगतात आणि ऐकणाऱ्याला ते तीन टक्केच वाटतं. ते महिन्याचं असतं. शेकड्याला 12 नं गुणा. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. दुसरी युक्ती म्हणजे शंभराला त्या आकड्यानं भागा. येतील तितक्या महिन्यांत व्याज मुद्दलाएवढं होतं. शेकडा तीनला 33 महिने, दोनला 50. त्या मानानं बँकेचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलती मिळून 3 लाखांपर्यंत व्याज पडत नाही. परवाना असलेल्या सावकारालाही 2014 च्या कायद्यानं शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्क्यांच्या वर घेता येत नाही.

तरी माणूस फेडतो कुणाचं आधी? जो रोज पाराजवळ भेटतो त्याचं. पोरांच्या मामाचे बिनव्याजी 10,000 लाजेखातर आधी देतो, आणि बँकेचं राहू देतो, का तर माफी येईल. माफी आलीसुद्धा, 2017 ला आली, 2019 ला आली. पण मधल्या काळात खातं थकीत पडतं, बँक नवं-जुनं (जुनं कर्ज मिटवून नवं) करून देत नाही, मृगाला पेरायला पैसा नसतो आणि पाय शेकडा तीनवाल्याच्या ओट्याकडं वळतात. तेव्हा देणेकऱ्यांची यादी वहीत नात्यानं किंवा लाजेनं लावू नका. सगळ्यांचं व्याज वर्षाचं करून लिहा आणि सगळ्यात मोठा आकडा वर ठेवा. मामाकडं स्वतः जा, चहा घ्या आणि सांगा, पाव्हणं, तुमचे पैसे संक्रांतीनंतर. मामा ऐकतो. व्याज ऐकत नाही.

हे सांगणारा मी शहाणा होतो असं समजू नका. 2009 साली थोरलीच्या लग्नाला मीच शेकडा तीननं दीड लाख उचलले. दिवसभर लोकांचं व्याज मांडणारा मुनीम मी! महिन्याला 4,500. फिटायला 26 महिने लागले, नुसतं व्याज 1,17,000. डोक्यात एकच होतं, पैसा दिसला की मान मिळतो. सगळ्या गावाला जेवण दिलं. आज त्या लग्नाची आठवण निघाली की लोक म्हणतात, वांग्याची भाजी लई तिखट झाली होती.

ठेवीचं थोडक्यात सांगतो. बँक आणि पतसंस्था एक नव्हे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, माणशी एका बँकेत व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा असतो. 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत तो 1 लाखच होता. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट सोसायटीला तो विमा नाही. पाटीवर 13 टक्के वाचून माझ्या मेहुण्यानं निवृत्तीचे पैसे अशाच एका ठिकाणी टाकले. आता शटरवर नोटीस आहे आणि तो दर सोमवारी ती वाचून येतो. जिथं व्याज जास्त, तिथं आधी विचारा: बँकेचा परवाना आहे का, ठेवीला विमा आहे का? उत्तराला वेळ लागला तर उठा. सोन्याबद्दल एवढंच, की मोडायला गेल्यावर घडणावळ परत मिळत नाही. तेव्हा दागिना हौसेच्या पानावर लिहा, बचतीच्या नव्हे.

आणि डब्यात दडवलेला पैसा. आमच्या आजोबांच्या लाकडी पेटीत निजामाच्या हाली नोटांचं पुडकं होतं. 7 हाली म्हणजे 6 कलदार (इंग्रजी रुपये), असा तेव्हा भाव. 1948 ला हैदराबाद संस्थान गेलं, पुढं ते चलनही गेलं, पुडकं मात्र राहिलं. आम्ही पोरं त्या नोटांनी दुकान-दुकान खेळलो. हे माहीत असूनही 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री आमच्या मंडळीनं तुरीच्या डाळीच्या डब्यातून पाचशेच्या 23 नोटा काढून माझ्यापुढं ठेवल्या. मी चिडलो. ती म्हणाली, "अहो, तुमच्या वहीत माझं पान होतं कुठं?"

दोन दिवसांनी बँकेच्या रांगेतून आल्यावर वही तिच्याकडं सरकवली. म्हटलं, पहिली नोंद तूच कर. तिनं चष्मा लावला, बराच वेळ बोटांवर मोजलं आणि सावकाश लिहिलं: गेले — तंबाखू, महिन्याचे 640. कुणाचे — माझ्या खुरपणीचे.