कॅल्शियम म्हणजे ताकद नव्हे: स्नायूंच्या धड्यातल्या या चुका टाळा

बेळगावात पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना जीवशास्त्र शिकवतो. दरवर्षी स्नायूंच्या धड्यावर एक वाक्य हमखास येतं: ‘कॅल्शियम स्नायूला शक्ती देतं.’ शक्ती येते एटीपीतून, म्हणजे पेशीच्या इंधनातून. कॅल्शियम फक्त इशारा देतं.

यावर खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने मला वर्गातच अडवलं होतं. “सर, आमची म्हैस व्यायली आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेचना. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली लावली, तर तासाभरात उभी राहिली. मग ताकद कुणी दिली?” प्रश्न रास्त होता. मी विचारलं, बाटली कशी सोडली? “लई हळू. कानाला स्टेथोस्कोप लावूनच बसले होते.” म्हशीला झाला होता दुग्धज्वर. त्यात रक्तातलं कॅल्शियम चिकात निघून जातं आणि मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. अंगात बळ असतं, पण हुकूमच येत नाही. तेच कॅल्शियम घाईने शिरेत सोडलं तर हृदयाचा ताल बिघडून जनावर जागीच जाऊ शकतं. त्या दिवसापासून हा धडा मी म्हशीपासूनच सुरू करतो.

दुसरी चूक: कॅल्शियम मायोसिनला चिकटवणं. मायोसिन आणि ॲक्टिन ही स्नायूतली एकमेकांना ओढणारी प्रथिनं. ते चिकटतं ट्रोपोनिनला. टोकियोचे शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी आणि अयाको कोदामा यांनी १९६५ साली हे प्रथिन शोधलं. कॅल्शियम बसलं की ॲक्टिनवर झाकणासारखं बसलेलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन बाजूला सरकतं आणि ॲक्टिनवरची जागा मायोसिनसाठी मोकळी होते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोरं झेरॉक्सच्या नोट्समधून ‘अनमास्किंग’ (झाकण दूर होणं) घोकतात. झाकलेलं काय होतं विचारलं की गप्प. नोट्स बाजूला ठेवा, आकृती तीनदा हाताने काढा. मी तर आधी दोन आकडे लिहायला लावतो: विश्रांतीत पेशीत लिटरमागे सुमारे ०.१ मायक्रोमोल कॅल्शियम, आकुंचनात १ ते १०.

आतड्याच्या अरेखित स्नायूला हेच उत्तर लावू नका. तिथे ट्रोपोनिनऐवजी कॅल्मोड्युलिन हे दुसरं प्रथिन काम करतं.

आणि आकुंचन लिहून पेन खाली ठेवू नका. एबाशींची वाट शिथिलीकरणातूनच, म्हणजे स्नायू सैल कसा पडतो या प्रश्नातूनच, निघाली होती. स्नायूच्या अर्कातल्या बारीक पिशव्या एटीपी खर्चून कॅल्शियम ओढून घेतात, हे त्यांनी जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांच्यासह १९६२ साली मांडलं. कॅल्शियम त्या पिशव्यांत परत गेलं, हे लिहिल्यावरच पुढच्या प्रश्नाला हात घाला.