मुलाला सांभाळणाऱ्या ताईंबद्दल बाहेरून काही कानावर आलं तर काय करायचं?

अशा वेळी पालकांना ठरलेले दोन सल्ले मिळतात. एक, ‘तिचं खासगी आयुष्य आहे, आपल्याला काय करायचंय?’ दोन, ‘पोराच्या बाबतीत धोका नको, आजच्या आज बंद करा.’ दोन्ही सल्ले देणाऱ्याला काही विचार करावा लागत नाही, म्हणून ते लगेच मिळतात. पाळणाघर चालवताना मी दोन्हींचे परिणाम पाहिले आहेत. पहिल्यापायी खरोखर काळजीची गोष्ट कुणी वेळेत बोलत नाही. दुसऱ्यापायी उत्तम सांभाळणारी बाई जाते आणि तिचा लळा लागलेलं मूल दिवसेंदिवस रडत राहतं.

आधी एक अपवाद

कानावर आलेली गोष्ट मुलांना मारण्याची, छळण्याची किंवा लैंगिक त्रासाची असेल, तर खालची एकही पायरी तुमच्यासाठी नाही. ती तुमच्या मुलाबाबत घडली की दुसऱ्याच्या, कामाच्या वेळेत की बाहेर, याने फरक पडत नाही. मूल त्या व्यक्तीकडे पाठवणं थांबवा. तिला जाब विचारायला जाऊ नका, कारण त्यातून पुरावे नाहीसे होतात आणि इतर मुलांवर दबाव येतो. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला किंवा थेट पोलिसांना कळवा. लैंगिक गुन्ह्याबाबत पोक्सो कायदा, २०१२ मधलं कलम १९ सांगतं की नुसती तशी आशंका असली तरी कळवणं बंधनकारक आहे. सद्भावनेने कळवणाऱ्याला त्याच कलमात संरक्षणही आहे. ‘आधी खात्री करू, मग बघू’ हा सल्ला इथे कुणी दिला तर ऐकू नका. खात्री करणं हे तपास यंत्रणेचं काम आहे.

१. ऐकलेलं लिहून काढा

कुणी सांगितलं, त्याने स्वतः पाहिलं की तोही ऐकूनच सांगतोय, आणि केव्हाची गोष्ट. चार ओळी पुरे.

२. पालकांच्या ग्रुपवर काही टाकू नका

‘कुणाला काही माहीत आहे का?’ असं साळसूद वाक्यसुद्धा नको. त्या एका वाक्याने संध्याकाळपर्यंत बोभाटा होतो आणि मग खरं काय होतं ते कुणालाच कळत नाही. बदनामीचा कायदाही लक्षात असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये जे अपवाद आहेत, त्यांत नोकराच्या वागणुकीबद्दल मालकाकडे सद्भावनेने केलेली तक्रार हे उदाहरणच दिलेलं आहे. म्हणजे पाळणाघराच्या संचालिकेकडे प्रामाणिकपणे बोललात तर त्या अपवादाचा आधार आहे. पन्नास जणांच्या ग्रुपवर तो गृहीत धरता येणार नाही.

३. एक वाक्य पूर्ण करून बघा

सगळं अडतं ते इथे. मलाही सुरुवातीला इथेच सर्वांत जास्त झगडावं लागलं. समोर बसलेले आईबाबा खरोखर घाबरलेले असतात. त्यांना ‘यात काही नाही’ म्हणणंही बरोबर वाटत नाही आणि त्यांच्या भीतीपायी एखाद्या बाईचा रोजगार घालवणंही पटत नाही. मग मी त्यांच्यापुढे कागद ठेवायला लागले. त्यावर हे वाक्य पूर्ण करायचं:

‘ताई कामाबाहेर अमुक करतात, म्हणून कामाच्या वेळी माझ्या मुलाला तमुक होऊ शकतं.’

दुसऱ्या जागी भरायची ती घडू शकणारी घटना. ‘वाईट संस्कार होतील’, ‘मला बरं वाटत नाही’, ‘लोक काय म्हणतील’ ही उत्तरं चालणार नाहीत. ‘मूल झोपलेलं असताना त्यांनाही झोप लागेल’ हे चालेल. ‘अनोळखी माणूस मुलापर्यंत पोहोचेल’ हेही चालेल.

बहुतेक तक्रारी या कागदावर पूर्णच होत नाहीत. ताई सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर नाचतानाचा व्हिडिओ. घटस्फोट. कपडे. कुणाबरोबर तरी राहतात. रात्री उशिरा घरी येतात. कुठल्यातरी पक्षाच्या मोर्चात दिसल्या. सुट्टीत ग्लास हातात घेतलेला फोटो. यांपैकी कशानेही तुमच्या मुलाचा लंगोट बदलायला उशीर होत नाही. इथे मी ठामपणे सांगते: या गोष्टी तुम्हाला आवडत नसतील तर नसू द्या, पण त्या तक्रार म्हणून आणू नका. हेच फोटो मुलाच्या काकाचे असते तर तुम्ही मूल त्याच्या मांडीवर देणं बंद केलं असतं का, हे स्वतःला विचारा. चारित्र्याच्या नावाखाली येणाऱ्या तक्रारी बहुतेक वेळा बाईबद्दलच असतात. मुलांची ने-आण करणाऱ्या ड्रायव्हरबद्दल इतक्या बारकाईने कुणी चौकशी करत नाही, आणि खरं तर तिथे ती करायला हवी.

काही गोष्टींत वाक्य लगेच पूर्ण होतं. तुमच्या मुलाचे फोटो ताईंच्या स्टेटसवर दिसतात. तुमच्या घरातली भांडणं, मुलाचं आजारपण त्या बाहेर सांगतात. थोड्या मोठ्या मुलांशी त्या आईबाबांना न सांगता फोनवर बोलतात, ‘घरी सांगू नकोस’ म्हणतात. दारू पिऊन गाडी चालवतात आणि मुलांना सोडायलाही त्याच जातात. यांत थांबण्यासारखं काही नाही, पुढच्या पायरीवर जा. त्यांतही ‘घरी सांगू नकोस’ हे मी सर्वांत गंभीर मानते. मोठ्या माणसाने मुलाला आईबाबांपासून लपवायला शिकवणं कधीच साधी गोष्ट नसते. त्या लपवण्यात स्पर्श, फोटो किंवा भेटी असतील, तर वरचा अपवाद लागू होतो.

खरी कसोटी मधल्या गोष्टींची. ताई रात्री दुसरीकडेही काम करतात असं कळलं, तर ते त्यांचं कष्टाचं कमावणं आहे, त्यात गैर काही नाही. पण तान्ह्या बाळाजवळ पेंगणारं माणूस धोक्याचं असतं. म्हणजे प्रश्न दुसऱ्या नोकरीचा नाही, झोपेचा आहे, आणि पाळी बदलून तो सुटू शकतो. ताईंचा नवरा पिऊन त्यांना मारतो असं कळलं, तर त्या स्वतः अत्याचार सोसत आहेत. त्यासाठी त्यांना कामावरून काढणं हा दुहेरी अन्याय होईल. इथे विचारायचं ते एवढंच, की तो पाळणाघराच्या दारापर्यंत येतो का, आणि आला तर दार कोण उघडतं? डोक्यावर कर्ज असल्याचं कळलं, तर निव्वळ त्यावरून चोरीचा संशय घेऊ नका. माझ्या अनुभवात कर्ज असलेल्या बायका कामाला सर्वांत चोख असतात.

वाक्य पूर्ण होत नाही, पण मन मात्र ऐकत नाही, असंही होतं. त्या अस्वस्थतेला खोटं ठरवू नका, तिला डोळ्यांचं काम द्या. वेळ बदलून मुलाला घ्यायला जा. मूल ताईंकडे कसं झेपावतं, त्यांनी जवळ घेतलं की अंग चोरतं का, ते बघा. मुलाला विचारायचं तर ‘आज काय काय झालं?’ असं मोकळं विचारा. ‘ताई रागावल्या का? मारलं का?’ असे प्रश्न लहान मुलाला अजिबात विचारू नका. तुमच्या चेहऱ्यावर जे उत्तर दिसतं तेच मूल देतं, आणि दोन-तीनदा विचारल्यावर त्याची स्वतःची आठवणही तशीच होऊन बसते. पुढे खरंच काही निघालं, तर त्या मुलाच्या बोलण्यावरचा विश्वास तुम्हीच कमी करून ठेवलेला असतो.

४. योग्य माणसाशी बोला

पाळणाघर असेल तर संचालिकेशी, घरी येणाऱ्या ताई असतील तर त्यांच्याशीच. मुलासमोर नको, आणि घ्यायला-सोडायला आल्यावर दारातही नको. वेळ मागून घ्या. सुरुवात स्वभावावरून न करता घटनेवरून करा: ‘ताई, परवा तुमच्या स्टेटसवर आर्याचा फोटो दिसला. आम्ही तिचे फोटो कुठेच टाकत नाही. तो काढाल का?’ यावर बहुतेक जणी तिथल्या तिथे काढून टाकतात. सांगणाऱ्याचं नाव विचारलं तर देऊ नका, पण नसलेला साक्षीदारही उभा करू नका. ‘सगळे पालक म्हणताहेत’ हे वाक्य तर मी ऐकूनच घेत नाही. तुमची काळजी तुमच्या नावाने मांडा.

५. शिक्षा मागू नका, व्यवस्था मागा

‘त्यांना काढा’ म्हटलं की संचालिका बचावाला उभी राहते. ‘तान्ह्या मुलांच्या खोलीत दुपारी दोघीजणी असाव्यात’, ‘मुलांची ने-आण दुसऱ्या कुणाकडे द्या’, ‘फोटोंबाबत लेखी नियम करा’ असं मागितलंत तर तिला लगेच काहीतरी करता येतं. नंतर कारवाई काय झाली, याचा तपशील तुम्हाला कळेलच असं नाही. कामगाराच्या खासगी गोष्टी मी एका पालकाला सांगितल्या, तर उद्या तुमच्याही दुसऱ्याला सांगेन. व्यवस्था बदलली का, हे मात्र हक्काने विचारा आणि स्वतः जाऊन बघा.

६. विश्वास बसतच नसेल तर मूल काढा

त्यासाठी कुणाला दोषी ठरवायची गरज नाही. देणं चुकतं करा. नवी सोय लागेपर्यंत शक्य असेल तर काही दिवस दोन्हीकडे थोडा थोडा वेळ ठेवा, कारण मुलाच्या दृष्टीने एक रोजचं माणूस एकाएकी नाहीसं होतंय. ताईंना भेटवून, ‘उद्यापासून तू दुसरीकडे जाणार’ असं त्यांच्यासमोरच मुलाला सांगा. दुसऱ्या पालकांनी कारण विचारलं, तर ‘आमची सोय बदलली’ एवढंच उत्तर द्या. त्यांच्या मुलांनाही धोका आहे असं तुम्हाला खरंच वाटत असेल, तर त्या पालकांना कुजबुजत सांगू नका. ते संचालिकेला लेखी द्या आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.