कोलीनच्या शिखरावरून केमोथेरपीचा परिणाम कसा मोजावा

शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णात गाठ लहान झालेली दिसायला काही आठवडे लागतात. पेशींतील कोलीनयुक्त द्रव्ये त्याआधीच घटू शकतात आणि एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे एमआरआय यंत्राने ऊतींतील रसायने मोजण्याच्या तपासणीत, ती आलेखावर ३.२ पीपीएमजवळ (पीपीएम हे आलेखावरील स्थानाचे एकक) एकाच शिखरात दिसतात. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २००१ मध्ये ही घट नोंदवली. मिनेसोटा विद्यापीठातील गटाने २००४ मध्ये ४ टेस्ला चुंबकीय क्षेत्राच्या यंत्रावर पहिल्या मात्रेनंतर २४ तासांतच बदल दाखवला.

पहिली तपासणी उपचार सुरू होण्यापूर्वीच करावी, कारण तुलनेचा सारा आधार तीच असते. रुग्णाला पालथे झोपवून स्तनाची कॉइल (संकेत टिपणारा भाग) लावावी. व्हॉक्सेल, म्हणजे मोजमापासाठी निवडलेला ठोकळा, गाठीच्या घन भागात बसवावा. त्यात चरबी, मृत ऊती किंवा बायोप्सीच्या वेळी ठेवलेली धातूची क्लिप येऊ देऊ नये. गाठ एक सेंटिमीटरहून लहान असेल, तर बहुधा हा खटाटोप न केलेलाच बरा. शिमिंगला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखे करण्याला, मात्र वेळ द्यावा. स्तनात चरबी आणि ग्रंथी शेजारी-शेजारी असल्याने चुंबकीय क्षेत्र सहज विस्कटते आणि ते नीट जुळले नाही, तर पाणी व चरबी यांचे संकेत दाबूनही कोलीनचे छोटे शिखर त्यांच्या पायथ्याशी बुडून जाते. इको टाइम (रेडिओ स्पंदनानंतर संकेत टिपेपर्यंतचा वेळ) १३५ मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक ठेवल्यास चरबीचा संकेत बराच ओसरतो. श्वासोच्छ्वासामुळे वारंवारता सरकत असल्याने प्रत्येक नोंद स्वतंत्र साठवून नंतर जुळवून घ्यावी. गॅडोलिनियममुळे (एमआरआयसाठी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट द्रव्य) शिखराची उंची बदलू शकते, म्हणून स्पेक्ट्रोस्कोपी त्याआधी करणे श्रेयस्कर.

पाण्याचा न दाबलेला संकेत संदर्भ मानून कोलीनचे प्रमाण काढावे. पुढच्या प्रत्येक वेळी यंत्र, कॉइल आणि इको टाइम तेच ठेवावेत, व्हॉक्सेल मात्र लहान झालेल्या गाठीनुसार बदलावा. जुन्याच आकाराचा ठेवला, तर त्यात चरबी शिरते, त्यामुळे कोलीन घटलेले दिसते आणि ती घट औषधाच्या खाती जमा होते.

हे तंत्र नाजूक आहे. अमेरिकेतील बहुकेंद्री एक्रिन ६६५७ अभ्यासात अनेक रुग्णांची मोजमापे तांत्रिक कारणांनी बाद झाली आणि उरलेल्यांतून प्रतिसादाचे भाकीत करता आले नाही. त्यामुळे केवळ या आकड्यावर औषध बदलू नये. गतिमान एमआरआय (कॉन्ट्रास्ट देऊन लागोपाठ घेतलेल्या प्रतिमा) आणि अखेरीस शस्त्रक्रियेतील ऊतींचा अहवाल यांच्यासोबतच तो वाचावा. शिखर न दिसल्यास अहवालात ‘कोलीन नाही’ असे न लिहिता ‘मोजता आले नाही’ असे लिहावे आणि शेजारी व्हॉक्सेलचे आकारमान व पाण्याच्या शिखराची रुंदी नोंदवावी.