साठवलेल्या डिझेलला अ‍ॅडिटिव्ह केव्हा आणि कसे घालावे

ऐन फवारणीच्या दिवसांत डिझेलवाचून ट्रॅक्टर उभा राहू नये म्हणून निफाड-दिंडोरीकडील बरेच द्राक्ष बागायतदार गोडी छाटणीच्या (फळ धरण्यासाठीच्या छाटणीच्या) तोंडावर २०० लिटरचे एखादे बॅरल भरून ठेवतात. ही सोय चांगली आहे. मात्र तेच डिझेल पुढे महिनोन्‌महिने पडून राहिले आणि ते बिघडल्याची शंका आल्यावर अ‍ॅडिटिव्हची, म्हणजे डिझेलमध्ये मिसळायच्या रसायनाची, बाटली आणली, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. अ‍ॅडिटिव्ह चांगले डिझेल टिकवते, नासलेले डिझेल सुधारत नाही, म्हणून ते ताज्या आणि कोरड्या डिझेललाच घालावे.

सर्वांत आधी पाण्याचा बंदोबस्त करावा लागतो. बॅरल उघड्यावर उभे ठेवले की पावसाचे पाणी त्याच्या माथ्यावर साचते. दिवसा बॅरल तापून आतली थोडी हवा बुचाच्या आट्यांतून निसटते आणि रात्री ते गार झाले की बाहेरचे पाणी त्याच आट्यांतून आत ओढले जाते. शिवाय अर्धवट भरलेल्या बॅरलमधील हवेतली वाफ थंड पत्र्यावर थेंब धरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, आणि डिझेल व पाणी जिथे एकमेकांना भिडतात तिथे जिवाणू व बुरशी वाढून त्यांचा चिकट, काळपट गाळ तयार होतो. फिल्टर वारंवार तुंबतो तो बहुधा या गाळामुळे. म्हणून बॅरल छपराखाली, किंचित कलते आणि शक्यतो काठोकाठ भरलेले ठेवावे. जस्ताचा मुलामा दिलेली किंवा तांब्याची भांडी साठवणीसाठी वापरू नयेत.

जुना साठा असेल तर हातपंपाची नळी तळाला टेकवून थोडे डिझेल काचेच्या बरणीत काढावे आणि रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी तळाशी पाण्याचा थर दिसला तर साठ्यातले पाणी संपेपर्यंत तळ उपसावा. डिझेल गढूळ झाले असेल, आंबूस वास येत असेल किंवा त्यात शेवाळासारखे तुकडे तरंगत असतील, तर ते ट्रॅक्टरला घालू नये. काढलेला गाळ विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये.

आता अ‍ॅडिटिव्हची निवड. सहा महिन्यांहून अधिक साठवण करायची असेल तर डिझेलचे ऑक्सिडीकरण, म्हणजे हवेतल्या प्राणवायूने होणारा बिघाड, रोखणारे स्टॅबिलायझर घ्यावे. जंतूंचा त्रास आधी झालेला असेल तर जंतू मारणारे बायोसाइड घ्यावे. ते विषारी असल्याने हातमोजे आणि चष्मा अनिवार्य आहे, आणि मेलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो म्हणून एक नवा फिल्टर हाताशी असावा. पाणी डिझेलमध्ये मिसळवून टाकणारी अ‍ॅडिटिव्ह मी सुचवणार नाही, कारण ते पाणी थेट इंजेक्टरपर्यंत जाते आणि कॉमन रेल इंजिनाचे (अतिशय उच्च दाबाने इंधन फवारणाऱ्या इंजिनाचे) इंजेक्टर महाग असतात.

मात्रा लेबलवरचीच पाळावी. लेबलवर १:१००० असे प्रमाण असेल तर २०० लिटरला २०० मिली पुरते. जास्त घातल्याने जास्त फायदा होत नाही. मोजमापासाठी फवारणीच्या औषधाचे माप वापरू नये. मोजलेले अ‍ॅडिटिव्ह रिकाम्या, कोरड्या बॅरलमध्ये आधी ओतावे आणि मग डिझेल भरावे, म्हणजे भरतानाच ते एकजीव होते.

थंडीचा विचार निफाडकरांनी विशेष करावा. भारतीय मानकानुसार थंडीने डिझेल फिल्टरमध्ये अडू लागण्याचे तापमान उन्हाळी डिझेलसाठी कमाल १८, तर हिवाळी डिझेलसाठी कमाल ६ अंश सेल्सिअस असते. त्यामुळे मे महिन्यात भरलेले डिझेल जानेवारीच्या पहाटे मेण धरू शकते, म्हणजे त्यातला मेणासारखा अंश गोठून फिल्टर अडवू शकतो. त्यासाठीचे कोल्ड फ्लो अ‍ॅडिटिव्ह मेण धरण्यापूर्वीच, म्हणजे दिवाळीच्या सुमारास डिझेल उबदार असताना घालावे. रॉकेल मिसळण्याची जुनी सवय सोडावी. त्याने डिझेलचा वंगणगुण घटतो आणि पंप झिजतो.

पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे एकूण २,५०० लिटरपर्यंत डिझेल परवान्याविना ठेवता येते, परंतु कोणतेही एक भांडे १,००० लिटरहून मोठे नसावे. बॅरलवर भरल्याची तारीख व अ‍ॅडिटिव्हचे नाव रंगाने लिहावे, जुना साठा आधी वापरावा, आणि या डिझेलवर ट्रॅक्टर चालत असेपर्यंत फिल्टरखालचा पाणी काढण्याचा स्क्रू आठवड्यातून एकदा सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी जाऊ द्यावे.