शाळाखोलीचा निधी अडकतो कुठे? या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं व्हरांड्यात बसतात, गावाची मागणी जुनी असते, पुढाऱ्यांनी शब्दही दिलेला असतो. तरी खोली मंजूर होत नाही. दरवेळी कारण पैशांचं नसतं. अनेकदा कागदावर त्या शाळेला खोलीची गरजच दिसत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक यू-डायस प्लसच्या, म्हणजे प्रत्येक शाळेने दरवर्षी भरायच्या सरकारी ऑनलाइन नोंदीच्या, माहितीत होते. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. जिल्ह्याचा आराखडा राज्याकडे आणि तिथून दिल्लीच्या प्रकल्प मान्यता मंडळाकडे जातो, आणि गरज ठरते ती मुख्यतः यू-डायसच्या आकड्यांवरून. तुमचं गळकं छप्पर पाहायला मंडळातलं कोणी येत नाही. चांगल्या खोल्या, किरकोळ दुरुस्तीच्या, मोठ्या दुरुस्तीच्या असे वेगवेगळे रकाने आहेत. मात्र घाईत गेल्या वर्षीचेच आकडे पुढे ढकलले जातात, किंवा शाळेचं नाव खराब होईल म्हणून पडकी खोलीही ‘चांगली’ ठरते. मग ग्रामसभेचा ठराव एक सांगतो आणि यू-डायस दुसरंच.

माहिती अंतिम होण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी फॉर्म हातात घेऊन खोली न् खोली पाहावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हवी; मुख्याध्यापकांचं कार्यालय आणि भांडार यांसाठीची खोली वेगळी. म्हणजे पाच शिक्षक, चार खोल्या आणि त्यातल्या दोन धोकादायक, तर तूट तीन खोल्यांची आहे, एकीची नव्हे. हा हिशेब समितीच्या शाळा विकास आराखड्यात लिहून ठेवा.

दुसरी चूक निर्लेखनातली. निर्लेखन म्हणजे निकामी इमारत दप्तरातून रीतसर कमी करणं. जुनी इमारत दप्तरी जिवंत असेपर्यंत ती पाडता येत नाही आणि नव्या खोलीला जागा मोकळी होत नाही. ठराव, छायाचित्रं आणि बांधकाम विभागाचा अहवाल जोडून प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, आणि दिल्याची पोच घ्या. मंजुरी येईपर्यंत मुलांना तिथे बसवणं मात्र कदापि चालणार नाही. खोलीचा वापर थांबवायला निर्लेखनाचा आदेश लागत नाही. कुलूप लावा आणि तसं लेखी कळवा. २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत शाळेचं छत कोसळून मुलांचे जीव गेले. त्यानंतर तरी धोकादायक खोलीत वर्ग भरवण्याला कोणतीही सबब उरत नाही.

जागेचंही तसंच. शाळा पन्नास वर्षं उभी आहे म्हणून जमीन शाळेच्या नावावर असतेच असं नाही. कुणीतरी तोंडी दिलेली असते, आणि पाया खणायला लागलं की वारस हरकत घेतात. सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा आधीच काढा. दान असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या.

अंदाजपत्रकात मातीचा विचार राहून जातो. काळ्या जमिनीत पाया खोल न्यावा लागतो, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ठरावीक नमुन्याचं अंदाजपत्रक उचललं की निधी जोत्यातच संपतो आणि सुधारित मान्यतेची फाइल फिरत बसते. शाखा अभियंत्यांना आधी चाचणी खड्डा घ्यायला सांगा. उतार-रस्ता आणि विजेची जोडणी धरली आहे का, हेही पाहा.

आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. हा क्रम मोडून उत्साहाने सुरू केलेल्या कामाचं देयक निघत नाही. त्याचप्रमाणे निविदा टाळण्यासाठी कामाचे तुकडे पाडले, तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेलाच.

एकच खोली समग्र शिक्षा, जिल्हा वार्षिक योजना आणि आमदार निधी या तिन्हींत मागू नका. दुबार मंजुरी उघड झाली की एक काम रद्द होतं आणि तो निधी दुसरीकडे वळतो. खोली एका योजनेतून मागा, कुंपण दुसऱ्या योजनेतून, आणि प्रत्येक प्रस्तावात तसं स्पष्ट लिहा.

समग्र शिक्षातून दरवर्षीचं संयुक्त शाळा अनुदान पटानुसार १० हजारांपासून १ लाखापर्यंत मिळतं. ते देखभाल आणि किरकोळ दुरुस्तीसाठी आहे. त्यातून नवी खोली उभारू नका.

जिल्हा परिषदेला मिळालेला राज्याचा निधी साधारणपणे पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत खर्च करता येतो. ऐकायला हा काळ मोठा वाटतो. निवडणूक आचारसंहिता आणि पावसाळा वजा केला की फार थोडे महिने उरतात. म्हणून जागेचे कागद मंजुरीपूर्वीच तयार हवेत.

काम चालू असताना मुख्याध्यापकांची बदली झाली, तर आदेश, मोजमाप नोंदींच्या प्रती आणि पत्रव्यवहार यादीसह नव्या मुख्याध्यापकांच्या हाती द्यावा. नवी खोली ताब्यात आली की पूर्णत्वाचा दाखला फाइलला लावा, मालमत्ता नोंदवहीत आणि यू-डायसमध्ये नोंद करा, आणि दोष दायित्वाचा काळ (ज्यात कामातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदाराची असते) कधी संपतो ती तारीख लिहून ठेवा. पहिल्याच पावसात छत गळलं तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. त्या तारखेआधी लेखी तक्रार गेलेली असली पाहिजे.